लागणारं आणि आवडणारं

ताई, तुमचं दिवाळीचं किराण्याचं कार्ड शेवटी मी एकटीनं संपवलं. आधी तेच सांगून टाकते, कारण ते फुकट जाईल याची तुम्हाला फार काळजी होती. अंगात ताप असताना हॉस्पिटलच्या कॉटवरून तुम्ही दोनदा विचारलंत, "माधवी, कार्डाची मुदत बघितलीस का गं?" मी म्हटलं, बघते. आणि बघितली नाही. मला वाटलं, चार दिवसांत घरी याल आणि आपण दोघी जाऊ, दर वर्षी जातो तशा. साध्या तापाचं निमित्त होऊन माणूस आठव्या दिवशी जातं, हे मला कुठे ठाऊक होतं?

अजून मला रडू आलेलं नाही. भेटायला बायका येतात, माझ्याकडे बघत बसतात, मी त्यांना पाणी विचारते, मग त्याच रडतात. एकीनं तर माझे खांदे धरून सांगितलं, "रड गं बाई, मोकळी हो." मी तिला विचारलं, पंखा वाढवू का. डोक्यात कापूस भरल्यासारखं झालंय. बाकी कामं सगळी होतात. दूध उतू जात नाही, गॅस बंद करायला मी विसरत नाही.

बाराव्या दिवशी सकाळी गुरुजींचा फोन आला. दुसऱ्या दिवशीच्या सामानाची यादी त्यांनी सांगितली आणि शेवटी म्हणाले, "उद्याच्या पानात ताईंच्या आवडीचा एक पदार्थ असू द्या. तेवढं विसरू नका." मी हो म्हटलं आणि लिहून घेतलं: तांदूळ, उडीद डाळ, तूप, ताईंच्या आवडीचं. मग तुमच्या पर्समधून कार्ड काढलं आणि वाशीच्या त्या मोठ्या दुकानात गेले. तुमच्या तेराव्याचं सामान तुमच्याच कार्डावर आणणं बरं दिसेल का, हा विचार रिक्षात बसल्यावर आला. पण तुम्हीच म्हणाला असतात, मुदत संपतेय, जा.

तुमच्या ऑफिसात पूर्वी दिवाळीला मिठाईचा डबा मिळायचा. तुम्ही तो दारातच माझ्या हातात द्यायचात. मग डब्याऐवजी हे किराण्याचं कार्ड सुरू झालं आणि तुम्हाला कोण आनंद झाला. दिवसभर न्हावा शेवाला कंटेनरचे कागद तपासणारी बाई, पण त्या दुकानात शिरताना शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी दिसायची. नियमही तुमचाच. ट्रॉलीत खाली लागणारं, वर आवडणारं. तेल, तूरडाळ, साबण, भांड्यांची पावडर झाली की तुम्ही ओढणी खांद्यावर टाकून म्हणायचात, "चल, आता चैन."

आणि तिथेच आपलं भांडण लागायचं. मी म्हणायचे, ताई, एवढ्यात अजून एक तेलाचा डबा येईल. तुम्ही म्हणायचात, "तेल काय, आपण रोजच घेतो. तेल कोणाच्या लक्षात राहतं?" मग ओंकार शाळेत होता तोवर त्याच्यासाठी चीज आणि चॉकलेटचे ते गोळे. तुमच्या भावासाठी खारे पिस्ते. माझ्यासाठी बाटलीतली ती महागडी कॉफी, जी मी आपण होऊन जन्मात घेतली नसती. दर वर्षी मी नको नको म्हणायचे आणि पार होळीपर्यंत पुरवून पुरवून प्यायचे. "आणि तुम्हाला काय?" असं मी विचारायचे. निदान एकदोनदा तरी विचारलं असेल. "माझं झालं," असं म्हणून तुम्ही ट्रॉली पैसे द्यायच्या रांगेकडे वळवायचात. काय झालं, ते मी ट्रॉलीत कधी शोधलं नाही.

बाराव्या दिवशी लागणारं सामान पंधरा मिनिटांत झालं. मग मी त्या लांबच लांब फळ्यांमध्ये ट्रॉली धरून उभी राहिले आणि मला कळेना की तुम्हाला काय आवडायचं. अठ्ठावीस वर्षं एका घरात राहिलो, ताई. नवी नवरी म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी मला तुम्हाला 'वन्सं' म्हणायला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "वन्सं काय? नाटकात आहोत का आपण? ताई म्हण." तेव्हापासून दोन्ही वेळा वाढते आहे तुम्हाला. तुमच्या चपलेचा नंबर मला पाठ आहे, चष्म्याचा पाठ आहे, कोणत्या गोळीनं पित्त होतं तेही सांगेन. आणि आवडीचा एक पदार्थ सांगता येईना.

तुमच्या भावाला फोन लावला. ते म्हणाले, "ताईला? थांब हं." मग म्हणाले, "गाजर हलवा?"

"तो तुम्हाला आवडतो."

"मग गुळाची पोळी?"

"ती आईंना आवडायची."

"तूच बघ ना मग. तुम्ही दोघीच तर असायचात कायम."

बंगळूरला ओंकारला लावला. तो मीटिंगमधून बाहेर आला बिचारा. म्हणाला, "आत्याला? आत्याला सगळंच आवडायचं ना?" ज्याला कोणी कधी विचारत नाही त्याला सगळंच आवडतं, हे मी त्याला म्हटलं नाही, कारण विचारायचं काम त्याचं नव्हतं.

शेवटी एक गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी तुमच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नाला आपण पनवेलला गेलो होतो. तिथे तुम्ही अननसाचा शिरा दोनदा आणला होतात. दोनदा! मला इतकं सुटल्यासारखं झालं म्हणून सांगू. अननसाचा डबा घेतला, चांगल्यातलं तूप घेतलं, आख्खे काजू घेतले, केशराची ती नखाएवढी डबी घेतली. पैसे द्यायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ज्यांचं कार्ड आहे त्यांच्या मोबाइलवर ओटीपी गेलाय. तो सांगा." तुमचा फोन माझ्या पर्समध्ये वाजला. मी तो काढून चार आकडे वाचून दाखवले. मुलगी "थँक यू, नलिनी मॅडम" म्हणाली. मी वेलकम म्हटलं.

तेराव्याला शिरा उत्तम झाला. सगळ्यांनी मागून घेतला. तुमच्या भावानं पहिला घास खाल्ला आणि भरल्या डोळ्यांनी पंगतीला सांगितलं, "ताईला फार आवडायचा हो. लहानपणापासून." ते खोटं बोलत नव्हते, त्यांना त्या क्षणी तसंच वाटत होतं. मलाही वाटत होतं. आमच्या दोघांच्याही मनावरचं ओझं उतरलं होतं.

पंगत उठल्यावर तुमच्या ऑफिसातली रुखसाना आली. तुमच्या टेबलाच्या खणातलं सामान घेऊन आली होती. शाल, छत्री, वेगळ्या ठेवलेल्या चपला, आणि तुमचा स्टीलचा डबा, घासून लख्ख केलेला. तिचं नाव मी तुमच्या तोंडून रोज ऐकायचे, पण बाई समोर पहिल्यांदाच पाहिली. पन्नाशीला आलेली, ठेंगणी, डोळे सुजलेले. तिला स्वयंपाकघरातच बसवून शिरा दिला. दोन घास खाऊन ती म्हणाली, "वहिनी, झकास झालाय. मॅडम असत्या तर एक चमचा खाऊन बाकीचा माझ्याकडं सरकवला असता."

"का बरं?"

"गोड कुठं आवडायचं त्यांना? ऑफिसात कोनाचा पेढा आला की तो माझ्या टेबलावर."

मी म्हटलं, "असं कसं? पनवेलच्या लग्नात दोनदा घेतला होता हाच शिरा."

ती कसनुसं हसली. "दुसरा माझ्यासाठी आनलेला. मी तिकडं मागच्या रांगेत बसलेली."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. एवढा एकच पुरावा होता माझ्याकडे. मी विचारलं, "मग काय आवडायचं त्यांना?"

तिनं दाराकडे बघितलं. बाहेर तुमचे भाऊ गुरुजींना दक्षिणा देत होते. "वहिनी, रागावनार नाय ना?" ती म्हणाली. "मॅडम गेल्या आता, म्हनून सांगते. त्यांना बांगडा आवडायचा. माझ्या डब्यातला. मी लागले तवापासून मॅडम माझा डबा खायच्या आनि मी तुमचा."

"किती वर्षं?"

"सोळा झाली असतील."

मी तो लख्ख डबा उचलून झाकण उघडून बघितलं. ती घाबरली असावी, कारण भराभरा बोलायला लागली. "तुमचा डबा वाया नाय गेला हां कधी. अर्धी भाजी मी खायची, अर्धी उरनला घरी न्यायची, अम्मीला. तिला डॉक्टरनं तिखट, तेल, सगळं बंद केलेलं. गेल्या पावसाळ्यात गेली ती, शेवटची दोन वर्सं तुमच्या दुधीच्या भाजीवरच होती. मी दारात पाय ठेवला की विचारायची, आज वहिनीनं काय दिलंय?"

उरणमध्ये एक आजारी बाई रोज संध्याकाळी माझ्या भाजीची वाट बघत होती, मला वहिनी म्हणत होती, आणि मी इथे नेरूळमध्ये पहाटे उठून दुधी चिरताना तुमच्यावर चरफडत होते की ताई कधी डब्याला छान म्हणत नाहीत.

रुखसाना गेल्यावर मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि तो राग होता. खोटं कशाला सांगू? भयंकर राग आला, ताई. सोळा वर्षं डबा भरून दिला. मीठ जपून घातलं, तेल जपून घातलं. आणि तुम्ही संध्याकाळी रिकामा डबा ओट्यावर ठेवून म्हणायचात, "पोट भरलं गं." मी तुमच्या रिकाम्या खोलीत जाऊन चक्क भांडले. सांगायला काय झालं होतं तुम्हाला? मी काय खाऊन टाकलं असतं तुम्हाला?

मग गेल्या पावसाळ्यातलं आपलं भांडण आठवलं. तुम्ही अचानक म्हणालात, "उद्यापासून डबा नको करूस माधवी. कशाला पहाटेची उठतेस?" मी फणकारले, माझ्या हातचं नको झालं का म्हणून. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही मुकाट्यानं डबा पिशवीत टाकलात. रुखसानाची अम्मी गेल्या पावसाळ्यात गेली. अर्धी भाजी खाणारं माणूस राहिलं नव्हतं, म्हणून तुम्हाला माझे कष्ट वाचवायचे होते. मी तेही वाचवू दिले नाहीत. ते भांडण अर्धवटच राहिलं आपलं.

आणि मग आठवली ती सोसायटीची मीटिंग. आठवायला नको होती. पहिल्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं होतं, दर रविवारी त्यांच्याकडे मासे तळायचे. मी चारचौघांत उभी राहून बोलले होते. "आमच्या घरी देवाधर्माचं असतं. खिडकी उघडायची सोय नाही. त्या वासानं डोकं उठतं. काहीतरी नियम करा." टाळ्यासुद्धा पडल्या. तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून ओढणीच्या टोकाशी चाळा करत होतात. जिना चढताना एवढंच म्हणालात, "जेवू दे गं लोकांना." मी म्हटलं, तुमचं काय जातंय, तुम्ही दिवसभर ऑफिसात असता. तो विषय तुम्ही पुन्हा कधी काढला नाहीत.

तेव्हा, सांगायला काय झालं होतं हा प्रश्न मी मागे घेते. सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. थयथयाट केला असता. सासूबाई होत्या तोवर त्यांचं नाव पुढे केलं असतं आणि त्या गेल्यावर देवांचं. महिनाभर तुमचा पेला वेगळा ठेवला असता आणि वर म्हटलं असतं की माझं तसं काही नाही हो. तुम्ही मला नीट ओळखत होतात, ताई. ओळखत नव्हते ती मीच तुम्हाला. त्याची मला फार लाज वाटते, आणि ती सांगायला आता तुम्हीच नाही आहात. तुमच्या भावाला मी अजून यातलं काही बोललेले नाही.

कार्डावर थोडं शिल्लक होतं. मुदत महिनाअखेरची होती. आज शनिवारी तुमचे भाऊ ऑफिसला गेले आणि मी पुन्हा वाशीला गेले. त्या दुकानाच्या मागच्या भिंतीला मासळीचा काउंटर आहे. तिथून जाताना मी नाकाला पदर लावून पुढे सटकायचे. तुम्ही मागून यायचात आणि तुम्हाला दर वेळी उशीर व्हायचा. आज मी त्या काचेपुढे जाऊन उभी राहिले. काउंटरवरच्या माणसानंच विचारलं, "काय देऊ, काकी?"

"बांगडा."

"किती?"

"एका माणसाला किती लागतो?"

"ते खानाऱ्यावर हाय. कोन खानार?"

"आमच्या ताई. फार आवडीनं खातात."

"मग दोन तरी घ्या. अख्खे ठेवू की कापून देऊ?"

"जसे खातात तसे द्या," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि नीट साफ करून, कापून, दोन पिशव्यांत बांधून दिले. आज ट्रॉलीत लागणारं काही नव्हतं. तुमच्या फोनवर आकडे आले, मी ते वाचून दाखवले, आणि वर जे काही थोडं पडत होतं ते रोख देऊन कार्ड संपवलं.

घरी न जाता थेट उरणची बस धरली. पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. रुखसानाला फोनवर येतेय एवढंच सांगितलं होतं. तिनं पिशवी उघडली आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, उरनला मॉलची मासली? मोहल्ल्यात कलली तर लोक हसतील मला." मग खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "चालंल. मॅडमना असलीबी चालायची." माझ्यासाठी चहाचा कप काढला तो तिनं माझ्यासमोर पुन्हा एकदा धुतला, मला दिसेल असा. मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, "अगं, असू दे." तिनं चहा गाळला आणि वाटणाला लागली. वाटण होईपर्यंत मी उंबऱ्यात बसून बघत होते. लसूण, मिरची, चिंच, वर हळद. मला वाटायचं तिथे काहीतरी वेगळंच, न बघवणारं असेल. आपल्याच डब्यांतले मसाले होते सगळे.

तीन वाजता घरी आले. सगळ्या खिडक्या उघडल्या. तुमचं ताट काढलं. नंतर त्या ताटाचं काय करायचं ते नंतर बघू, आत्ता तो विचार नको असं ठरवलं. जेवणाच्या टेबलावर, तुमच्या जागेवर ताट मांडलं, पाण्याचा तांब्या ठेवला. गरम भात केला आणि त्यावर रुखसानानं दिलेलं कालवण वाढलं. वास घरभर पसरला. पहिल्या मजल्यापर्यंत गेला असणार. मी नाकाला पदर लावला नाही. लावावासा वाटला, पण लावला नाही.

समोरच्या खुर्चीत बसले. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. मला वाढताना काहीतरी बोलायची सवय. आज मीठ कमी आहे, पोळी गरम आहे, वरून तूप घ्या. या पदार्थातलं मला काहीच कळत नाही, मी तुम्हाला काय सांगणार? बसमध्ये शेजारच्या बाईनं पिशवी बघून जे सांगितलं तेवढंच माहीत आहे. सावकाश जेवा, ताई. काटे असतात म्हणे.